रिकाम्या काट्याचे वजन

या पानावर लोक रात्रीच्या गोष्टी सांगतात. माझी गोष्ट भर दुपारची आहे.

तिच्यात स्मशान नाही, झाड नाही, पांढऱ्या साडीतले कुणी नाही. ट्रक तोलायचा एक लोखंडी काटा आहे आणि हातभर लांबीची एक निळी वायर आहे.

ती घडली आहे. मी तिथे होतो.

ज्यांना हसायचे असेल त्यांनी इथेच हसून घ्यावे. पुढे मी कुणाच्या हसण्यासाठी थांबणार नाही.

सन २०११. मे महिना. रायपूरच्या उत्तरेला भनपुरी.

राज्य नवे होते आणि शहरापलीकडच्या माळावर त्याची नवी राजधानी उभी राहत होती. तिच्यासाठी लागणारी सळई भनपुरीच्या कारखान्यांतून निघे. निघालेला प्रत्येक ट्रक आधी धर्मकाट्यावर चढे. जमिनीच्या पातळीवर अंथरलेला लांबरुंद लोखंडी पाटा, त्याच्याखाली खड्डा, बाजूला एक छोटी खोली. ट्रक पाट्यावर उभा राहिला की खोलीत त्याचे वजन दिसते.

त्या खोलीत लतामावशी बसायची.

ती माझ्या आईची मावसबहीण. माहेर गोंदियाचे. मारोती मावसा ट्रक चालवायचे. ओडिशाच्या एका घाटात अपघातात ते गेले. काट्याचे मालक धर्मपाल सेठ. त्यांनी मावशीला वजन घेण्याचे काम दिले आणि खोलीमागचे एका खणाचे घर राहायला दिले. मावशीची पोळी आणि मावशीचे छप्पर, दोन्ही त्या एका खुर्चीवर टेकलेले होते.

मी रायपुरातच, ब्राह्मणपाऱ्यात राहतो. तेव्हा संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात काम करत होतो. माणसांपुढे माझे शब्द अडतात. बंद पडलेल्या यंत्रापुढे अडत नाहीत. म्हणून दुकानातली बाहेरगावची कामे मीच मागून घ्यायचो.

मावशीचा फोन आला.

“निरू, आकडा दिसून नाही राहिला रे. कालपासून. लवकर ये.”

“ट्रक अडले का?”

“ट्रकाचं मरू दे. तू ये.”

घरात कुणी आजारी असावे असा तो आवाज होता. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही.

आता थोडे यंत्राबद्दल. ते कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

काट्याचे वजन मोजते ती एक पेटी. तिला इंडिकेटर म्हणतात. मावशीच्या पेटीवरचे लाल आकडे केव्हाच विझले होते. पेटी वजन मोजायची, पण स्वतः दाखवू शकायची नाही. मोजलेले वजन ती एका केबलने संगणकाकडे पाठवायची आणि मावशी ते पडद्यावर वाचायची. त्या उन्हाळ्यात जुना संगणक तापून बसला. सेठने नवा आणला, आणि नव्याला त्या केबलची नऊ पिनांची जागाच नव्हती. नव्या संगणकांना ती नसते. अशा वेळी मध्ये एक वायर लागते. एका टोकाला नऊ पिना, दुसऱ्या टोकाला यूएसबी. तिला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर म्हणतात.

ती वायर घेऊन मी दुपारी भनपुरीला पोहोचलो.

लू वाहत होती, अंग भाजणारा वारा. रस्त्यावर कुत्रेसुद्धा नव्हते. जेवणाच्या वेळेमुळे काटा रिकामा होता आणि पाट्यावरची हवा पाण्यासारखी हलत होती.

मी वायर जोडली. पेटीतून येणारे कच्चे आकडे जसेच्या तसे दाखवणारी खिडकी पडद्यावर उघडली.

आधी नुसता कचरा आला. प्रश्नचिन्हे, चौकटी, तुटकी अक्षरे. पेटी आणि संगणक यांच्या बोलण्याचा वेग जुळला नाही की असे होते. मी वेग बदलला. पुन्हा बदलला.

आणि मग पडदा एकदम स्वच्छ झाला.

३५
३५
३५

मी खिडकीतून बाहेर पाहिले.

पाटा रिकामा होता...

“दिसली,” मावशी म्हणाली.

तिने पदराने पडद्यावरची धूळ पुसली. फार हळू पुसली. मग खुर्चीत बसली आणि तिचे खांदे सैल पडले. माझ्या लक्षात आले की रिकाम्या काट्यावर पस्तीस किलो पाहून तिला जराही आश्चर्य वाटले नव्हते.

मी काही विचारणार, तोच अंगणापलीकडून हाक आली.

“लता बाई! ओ लता बाई!”

नव्या संगणकाबरोबर सेठने एक दुसरा पडदाही घेतला होता. तो त्यांच्या बैठकीत होता. काट्यावर जे दिसेल ते त्यांनाही दिसावे म्हणून. वायर जोडताच त्या पडद्यावरही आकडे धावू लागले होते.

सेठ डोक्याला गमछा गुंडाळून उन्हातून आले.

“ख़ाली काँटे पे पैंतीस किलो? किसका माल तौल रही हो बाई?”

“कोणाचा नाही, सेठजी.”

“तो क्या हवा का वज़न है?” मग माझ्याकडे वळून, “क्यों भाई निरंजन? तेरी मौसी ने नीचे पत्थर-वत्थर तो नहीं फँसा रखा? किसी पार्टी से मिली हुई है क्या?”

मी मान हलवली. शब्द अडले.

“देख. नई चीज़ एक ही लगी है, तेरा ये कन्वर्टर. ये ख़राब निकला तो बात ख़तम, दूसरा ले आ. और ये ठीक निकला...” त्यांनी मावशीकडे पाहिले नाही. “तो फिर बाई अपना सामान बाँधे. मैं खाने जा रहा हूँ. आके पूछूँगा.”

ते गेले.

वस्तू खराब निघावी म्हणून मी आयुष्यात प्रथमच देवाला विनवले.

कन्व्हर्टर तपासायची एक सोपी रीत आहे. त्याला पेटीपासून वेगळे करायचे. त्याच्या नऊ पिनांपैकी बोलणारी आणि ऐकणारी अशा दोन पिना एका तारेने जोडायच्या. मग तो स्वतःशीच बोलतो. तुम्ही जे टंकाल तेच त्याने परत द्यायचे. अक्षर बदलले, हरवले किंवा जास्तीचे आले, तर तो खराब.

मी तार लावली. माझे नाव टंकले. माझे नाव परत आले.

आकडे टंकले. तेच परत आले.

तार काढली. टंकले. काहीच आले नाही. यायलाही नको होते.

मी पिशवीतून दुसरा कन्व्हर्टर काढून पेटीला लावला. ३५.

दुकानातला एक जुना लॅपटॉप मी सोबत आणला होता. त्याला नऊ पिनांची जागा अजून होती. त्याला कन्व्हर्टर लागतच नाही. पेटीची केबल मी थेट त्यालाच खोचली आणि क्षणभर डोळे मिटून घेतले.

३५.

वायर प्रामाणिक होती. ती फक्त समोर आलेले सांगत होती.

मी बाहेर गेलो. पाट्याखालच्या खड्ड्यात उतरलो. जाळी, धूळ, सरड्याची कात. लोखंडी आधारांच्या मध्ये अडकलेला दगड नाही, वीट नाही, काही नाही. माझ्या डोक्यावर पाट्याचा पत्रा होता आणि तो उन्हाने भट्टीसारखा तापला होता.

आणि तेव्हा...

टक्.

वरच्या पत्र्यावर. अगदी हलके. 

ऊन लागले की लोखंड वाजते. हे मलाही ठाऊक आहे.

टक्... टक्...

दुसरा आवाज पहिल्यापेक्षा थोडा पुढे होता. तिसरा दुसऱ्याहून पुढे. आवाज माझ्या डोक्यावरून खोलीच्या दिशेने निघाला होता.

मी वर आलो. पाट्यावर चिमणीसुद्धा नव्हती.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला. ज्या वस्तूमुळे मावशीचे घर जाणार होते, ती निदान समोर तरी यावी. मी पाट्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. चपलांतून चटके बसत होते.

खोलीवरचा भोंगा खरखरला. मावशी ड्रायव्हरांना सूचना द्यायला माइक वापरायची.

“नव्वद!” भोंग्यातून मावशीचा आवाज आला. त्या आवाजात हसू होते. “दोघं मिळून नव्वद!”

माझे वजन पंचावन्न होते.

मी हललो नाही. उजवीकडे पाहिले नाही, डावीकडे पाहिले नाही. एवढे मात्र सांगतो, माझ्या डाव्या हाताच्या बाजूचा वारा तेवढ्यापुरता लागत नव्हता. कुणी आडोसा धरावा तसा.

तेवढ्यात फाटकातून सळईचा ट्रक आत वळला.

आणि भोंग्यातून मावशी म्हणाली, अगदी सहज, घरातल्या माणसाशी बोलावे तशी...

“उतर आता. गाडी आली.”

मी उतरलो. ती माझ्याशी बोलते आहे असेच मला वाटले.

खोलीत येऊन पडदा पाहिला. शून्य. स्वच्छ शून्य. ट्रक चढला, तोलला गेला, निघून गेला. पुन्हा शून्य. पुन्हा शून्य.

बाहेर काहीतरी टक् वाजले.

३५.

“दोघं म्हणजे कोण, मावशी?”

तिने माठातले पाणी मला दिले. मग म्हणाली, “तुले श्रावू आठवते का?”

श्रावणी. मावशीची मुलगी. मी तिला दोन-तीनदाच पाहिले होते. चार वर्षांची होती तेव्हा, एका उन्हाळ्यात, तापाने गेली. त्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती.

“गाड्या नसल्या की पाट्यावर खेळे,” मावशी म्हणाली. “मी इथून माइकवर वजन सांगो. श्रावूबाई, पंधरा किलो! मंग हसे आणि उड्या मारे. गाडी आली की मी म्हणो, उतर आता. गुमान उतरे. लय शहाणी होती.”

“मावशी...”

“थांब. ते गेली, आणि पंधराव्या दिवशी मी कामाले आली. दुपारी पाट्यावर कोणी नाही. आणि पडद्यावर पंधरा.” तिने माझ्याकडे रोखून पाहिले. “मले वाटलं डोकं फिरलं माझं. मी माइकवर म्हटलं, उतर. शून्य झालं.”

बाहेर लू शीळ घालत होती.

“मंग दोन वर्षांनी वीस झालं. मंग पंचवीस. वाढून राहिली रे निरू. बाकी पोट्ट्या शाळेत वाढतात, माझी काट्यावर वाढून राहिली. मले तिचं तोंड नाही दिसत. एवढा एक आकडा दिसते. तो बंद पडला होता तर मी जेवली नाही.”

पस्तीस किलो. बारा वर्षांच्या मुलीचे वजन तेवढेच असते.

जिच्याजवळ मुलीचा चेहरा उरला नव्हता, तिच्याजवळ मुलीचे वजन उरले होते.

सेठ जेवून आले. दात कोरत दारात उभे राहिले.

“हाँ, क्या निकला?”

मावशीने माझ्याकडे पाहिले. एक खोटे वाक्य पुरेसे होते. कन्व्हर्टर खराब आहे, दुसरा आणतो. पण दुसराही हेच सांगणार होता, तिसराही. सेठ रोज तो आकडा पाहणार होते.

“कन्वर्टर ठीक है,” मी म्हणालो.

“तो बाई...”

“बाईही ठीक है. खड्ड्यात काही नाही. मी उतरून पाहिलं.” घाबरलो की माझी हिंदी मराठीत घसरते. “ट्रक चढ़ने से पहले काँटा शून्य होता है. तुमचं वजन बरोबर आहे सेठजी. किसी का नुक़सान नहीं.”

सेठ हुशार माणूस. त्यांनी तोडगा काढला.

“अच्छा, तो ऐसा कर. सॉफ्टवेअर में डाल दे, पचास के नीचे जो भी आए, ज़ीरो दिखाए. बाई भी रहेगी, मेरा दिमाग भी ठंडा रहेगा. दो मिनट का काम है तेरा.”

खरोखरच दोन मिनिटांचे काम होते. माझा हात कीबोर्डवर गेलाही.

मावशी उठली आणि संगणक आणि मी, यांच्या मधे येऊन उभी राहिली.

“नाही करू देणार.”

“बाई, पागल हो क्या? नौकरी बचा रहा हूँ तुम्हारी!”

“ठेवा तुमची नोकरी. एकदा मातीत देली मी तिले. आता शून्य नाही करू देणार.”

सेठला मराठी समजते. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला. ते माझ्याकडे वळले. “तू कर. तेरे सेठ से बात कर लूँगा मैं, हमेशा का काम मिलेगा तेरी दुकान को. कर.”

मी हात मागे घेतला.

“नहीं करूँगा.”

माझा आवाज इतका मोठा आहे हे मला त्या दिवशी कळले. त्या दोन शब्दांत माझी दुकानातली नोकरीही गेली, हे संध्याकाळी कळले. मला त्याचे वाईट वाटले नाही.

सेठने मावशीला खुर्चीवरून उठवले. महिनाअखेर घर सोडायला सांगितले. दुसऱ्या दिवशी गुढियारीच्या मालधक्क्यावर काम करणारा बंडू तिच्या जागी बसला. पुढचे मला बंडूनेच सांगितले. आपलाच मराठी माणूस, पण बोलतो हिंदीत.

“भैया, पहली गाड़ी आई तो पैंतीस किलो पहले से चढ़ा हुआ. मैंने माइक पे बोला, सब उतरो. ड्राइवर बोला, अबे कौन है जो उतरे? सब तो नीचे खड़े हैं!”

प्रत्येक ट्रक पस्तीस किलोने जड भरू लागला. ड्रायव्हर भांडू लागले. बंडू वैतागला आणि त्याने पेटीवरचे शून्याचे बटण दाबले. असे बटण असते. पाट्यावर चिखल साचला की ते दाबतात, म्हणजे पेटी तेवढे वजन विसरते.

पडद्यावर शून्य आले. बंडूने विडी पेटवली.

मावशी तेव्हा मागच्या घराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिला भोंगा लागत नव्हता. ट्रकचा आवाज ऐकून तिने सूप खाली ठेवले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली...

“उतर आता. गाडी आली.”

टक्.

उणे ३५.

“भैया, ख़ाली काँटा माइनस में!” बंडू सांगत होता. “हम तो चप्पल छोड़ के भागे. अब वो बाई जाने और उसका काँटा जाने.”

आता प्रत्येक ट्रक पस्तीस किलोने हलका भरू लागला. दोन दिवस सेठने माणसे बदलून पाहिली. नारळ फोडून पाहिला. पाटा धुऊन पाहिला. तिसऱ्या दिवशी ते मावशीच्या दारात आले. घरात मी तिचे सामान बांधायला गेलो होतो. मी ते पाहिले आहे.

“चलो बाई. बैठो अपनी कुर्सी पे.”

“बसते,” मावशी म्हणाली. तांदळावरून तिने नजरसुद्धा वर केली नाही. “पण ते शून्याचं बटण काढून टाका. आणि निरूच्याच हातानं काढा.”

“हव, हव. जो करना है करो.”

पाटा खरोखर रिकामा असताना मी ते बटण शेवटचे एकदा दाबले आणि मग पेचकस घेऊन काढले. तिथे पेटीला एक भोक उरले. मावशीने त्यावर कुंकवाची टिकली चिकटवली.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

मी स्वतःचे दुकान टाकले. अधूनमधून भनपुरीला जात राहिलो. पुढच्या वर्षी चाळीस. मग पंचेचाळीस. मावशी सांगायची आणि आम्ही दोघे हसायचो. मी पाट्याजवळून जाताना “काय श्रावूबाई” असे म्हणायचो. मला वाटते, जिवंत माणसांपैकी फार थोड्यांशी मी इतक्या सहज बोललो असेन.

पन्नास झाले. पंचावन्न झाले.

मुली एका वयात वाढायच्या थांबतात.

साठ...

सत्तर...

“भरली आता,” मावशी म्हणायची. “आपल्या घरच्या बायका अंगानं भरतातच.”

नव्वद झाले, तेव्हा तिने नुसता पदराने पडदा पुसला.

एकशे वीस झाले, तेव्हा मी विचारले. धीर करून विचारले.

“मावशी, ही श्रावूच आहे ना?”

तिने आधी माइक बंद आहे की नाही ते पाहिले. मग म्हणाली, “दुसरं कोण ऐकन माझं? उतर म्हटलं की उतरते. अजून उतरते.”

पण माझ्या लक्षात आले होते. पूर्वी ती एकदा म्हणायची. आता तिला दोनदा म्हणावे लागत होते. आणि पत्र्याचा आवाज पूर्वीसारखा हलका राहिला नव्हता. तो ऐकू येण्याआधी पायांना कळायचा.

मग नवा बाह्यवळण रस्ता झाला. ट्रक तिकडून जाऊ लागले. सेठने काटा बंद केला, पण वीज तोडली नाही, पेटीला हात लावला नाही आणि मावशीला घराबाहेर काढले नाही. त्यांची छाती नव्हती. मावशीला दिसायला कमी झाले होते. तिच्या सांगण्यावरून मी त्या संगणकाला इंटरनेट जोडले आणि काट्याचा आकडा माझ्या ब्राह्मणपाऱ्याच्या खोलीत आणला.

“मी नसली की तिले कोण पायन? तू पाय. भाऊ आहेस तू तिचा.”

मी हो म्हणालो.

मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. झोपेतच. तेव्हा आकडा तीनशेच्या वर होता. तिला नेताना आम्ही तिरडी पाट्यावरून नेली नाही. कुणी तसे ठरवले नव्हते. सगळेच आपोआप कडेने, मातीतून चालले.

लोक म्हणतील, भाऊ असेल तर त्याने जाऊन ते यंत्र बंद करावे. सेठच्या मुलानेही फोन करून तेच सांगितले. मी नाही म्हणालो. आजही नाहीच म्हणतो. तिला आईने शून्य होऊ दिले नाही. ती कितीही जड झाली, ती कुणीही असली, तरी तिला पुसून टाकण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. मी तो घेणारही नाही.

मी फक्त रोज दुपारी पडदा पाहतो.

या मे महिन्यात, एका दुपारी, जेवून खोलीत आलो.

पडद्यावर शून्य होते.

आधी वाटले, वीज गेली असेल. पण पेटी बोलत होती. आकडे येत होते, एकामागून एक, नेमके आणि स्वच्छ. सगळे शून्य.

मी तसाच गाडी काढून भनपुरीला गेलो. फाटकाला कुलूप होते. मावशीच्या किल्लीने ते उघडून आत गेलो. पाट्यावर धूळ होती, तिच्यावर एकही पाऊल नव्हते. खोलीत जाऊन कन्व्हर्टर काढला, दोन पिना तारेने जोडल्या आणि टंकले. जे टंकले ते परत आले. वायर ठीक होती. मी बाहेर येऊन पाट्यावर उभा राहिलो आणि तिथूनच फोनवर आकडा पाहिला.

पंचावन्न. एकट्याचे.

तिला उतर म्हणणारे आता कुणी उरलेले नाही...

ती आपली आपण उतरली आहे.

ती कुठे गेली, हे मला माहीत नाही. ती आईकडे गेली असेल, तर बरे झाले. पण आईने जाण्याआधी तिला एकाच माणसाच्या हवाली केले होते, माझ्या.

आमच्या दारासमोर नाली आहे. तिच्यावर येण्याजाण्यासाठी लोखंडी पत्रा टाकलेला आहे. घरात यायचे तर त्याच्यावर पाय द्यावाच लागतो.

त्या दिवसापासून मी दुपारी दार लावत नाही. आत लू येते, धूळ येते. आई रोज ओरडते, “काहून उघडं ठेवून राहिला रे दार? कोण येणार आहे एवढ्या उन्हात?”

मी तिला काही सांगितलेले नाही. दाराकडे तोंड करून बसतो.

पत्रा अजून वाजलेला नाही.